पुढून अर्ज, मागून पक्षी

"नोकरी शोधायची सोडून पक्षी काय बघत बसतेस?" हे मामी दर दिवाळीला विचारते, सोसायटीतल्या काकू जिन्यात गाठून विचारतात, आणि गेल्या महिन्यात कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्या दादांनीही विचारलं. त्यांना हक्क आहे म्हणा. माझ्या गुणपत्रिकांच्या इतक्या प्रती त्यांनी काढल्यात की माझे बारावीचे मार्क त्यांना माझ्याआधी आठवतात. तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

मी इतिहासाची. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली, पीएचडी झाली, आणि आठ वर्षं नाशिकमधल्या कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतेय. तास घेतला तर पैसे; दिवाळी, परीक्षा, उन्हाळा कोरडा. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने नेमणूक. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या पर्मनंट सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं. खडू मात्र आम्ही एकाच खोक्यातून उचलतो.

पीएचडीही शेवटी शेवटी धास्तीनेच उरकली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला 1 जुलै 2021 पासून पीएचडी हवीच, असं होतं. ती मुदत 2023 पर्यंत ढकलली, आणि 2023 उजाडल्यावर नियमच फिरला: नेट किंवा सेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा, पुरे. तोवर माझा प्रबंध बाइंडिंगला गेला होता. त्याच नियमावलीत मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायचे गुण आहेत. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2, पण एकूण 10 च्या वर नाही. म्हणजे माझी पहिली पाच वर्षं मोजली जातात, पुढची तीन कागदावर घडलेलीच नाहीत. हे इतिहासवालीला सांगायचं!

गंमत म्हणजे माझा प्रबंधच जाहिरातींवर आहे, जुन्या मराठी वर्तमानपत्रांतल्या. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापून, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढे वर्तमानपत्रं वाढत गेली तशा त्यांत पुस्तकांच्या, औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या, त्या मात्र कुणी वाचत नाही. मला त्यांचंच वेड. बातमीत संपादक बोलतो, जाहिरातीत गिऱ्हाईक दिसतं. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत पापडासारखी मोडणारी पानं उलटत मी वर्षं घालवली, आणि आता एखाद्या रविवारी सकाळी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात बसून परत जाहिरातीच वाचते, फक्त आता नोकरीच्या. (हे वाचनालय 1840 चं, 'दर्पण' बंद पडलं तेही त्याच वर्षी. याचा कशाशी संबंध नाही, पण मला आवडतं.) जाहिरातींचे फोटो व्हॉट्सॲपवरही फिरतात, पण फोटो काढणारा नेमका प्रवर्गाचा रकाना कापतो. म्हणून कागदच बरा. एक निरीक्षण फुकट देते: 'प्रवेश सुरू' ही जाहिरात पानभर, रंगीत, हसऱ्या मुलींची, आणि 'सहायक प्राध्यापक पाहिजेत' ही काडेपेटीएवढी, निविदांच्या गर्दीत.

मुलाखतीचं एकच सांगते. एका संस्थेत, जिल्ह्याबाहेर, पहाटेच्या एसटीने गेले. एका जागेला आम्ही सव्वीस जण, प्रत्येकाच्या मांडीवर तीच निळी प्लॅस्टिकची फाइल. बाहेर चहाच्या टपरीवर जॅकेट घातलेले एक गृहस्थ आपणहून बोलायला आले.

"मॅडम, तयारी किती आहे?"

मी सांगितलं, नेट आहे, पीएचडी आहे, सहा शोधनिबंध आहेत.

ते हसले. अगदी प्रेमाने म्हणाले, "ती तयारी नाही हो."

आत मला दोन प्रश्न विचारले. त्यातला एक होता, नाशिकहून यायला किती वेळ लागला. दुसरा, छंद काय. पक्षी बघते म्हटल्यावर पॅनेलवरचे एक सर पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "अरे वा, वेळ मिळतो?"

मिळतो. काढते. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य घरापासून स्कूटीवर दीड तासाच्या आत. चांदोरीवरून सायखेड्याला वळलं की जानेवारीच्या पहाटे द्राक्षबागांच्या कडेला शेकोट्यांचा धूर दिसतो. निफाडचा गारठा घडांना बाधतो म्हणून शेतकरी जागे असतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली. धरण म्हणून ही बिघाडाची गोष्ट; पण बदकांना असलंच पाणी लागतं. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली ती या गाळाच्या जोरावर.

मनोऱ्यावरून थापटे दिसतात, तलवार बदकं दिसतात, पण मला आवडतो तो वारकरी. काळा, गुबगुबीत, कपाळावर पांढरा टिळा. थव्यावरून भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, फिरला की शेकडो वारकरी एकदम निघतात. त्यांना जागेवरून उडताच येत नाही. आधी पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतात, फट्-फट्-फट्-फट्, वाटतं आता काही हे उठत नाही, आणि मग उठतात. कितीतरी जण अर्ध्यात दमून परत बसतात, भोवत्या गेला की पाला खायला लागतात. मी हे तासभर बघू शकते. इथे कुणाचंही आधी ठरलेलं नसतं.

वही एकच आहे, दोनशे पानी. पुढून अर्ज, मागून पक्षी. पुढून 41 झालेत, मागून 118. म्हणून मामीला सांगते, काहीच सोडलेलं नाही.

परवाच्या रविवारी परतताना निफाड फाट्यावर चहा घेत होते, तेवढ्यात जाहिरातीचा फोटो आला: इतिहास, जागा 1, पंधरा दिवसांत अर्ज. रकाना या वेळी शाबूत होता. दुकान बंद असणार हे माहीत असून दादांना फोन लावला.

"किती संच? नेहमीचे सात ना?" म्हणाले. "उद्या सकाळी या. आणि आज काय दिसलं?"

"वारकरी," म्हटलं. "हजारभर तरी."