लिव्हर आर्च, भाग 6: अंगठा सुटला, काठ राहिला

लिव्हर आर्च म्हणजे फाइलीतली कागद अडकवायची धातूची यंत्रणा: लिव्हर उचलली की कमान खुंट्यांपासून सुटते, दाबली की बंद होते. मागच्या भागात तिची स्प्रिंग मऊ करून पाहणार असं लिहिलं होतं. ते फसलं. स्प्रिंगचं एक पान काढलं तर लिव्हर अलगद बसायला लागली, पण कमानीची टोकं खुंट्यांशी नीट जुळेनात. केसाएवढी फट राहते आणि त्यात नेमका कागद अडकून भोक फाटतं. 80 मिमीचं अंतर, 6 मिमीचं भोक सगळं व्हर्नियरने तपासलेलं, तरीही. म्हणून मूळ स्प्रिंग परत बसवली.

मग खरी अडचण पुन्हा समोर आली. लिव्हर खाली दाबताना मधला बिंदू ओलांडला की पुढे आपण दाबत नसतो, स्प्रिंग ओढते. त्या शेवटच्या टप्प्यात खाली बोट असेल तर ते चिमटतंच. आईच्या अंगठ्याला संधिवात आहे, सोसायटीच्या हिशोबाच्या फाइली तीच बघते, आणि पटकन हात काढून घेणं तिला जमत नाही. तिच्या नखाखाली रक्त साकळलेलं पाहिलं तेव्हापासून मी ह्या एका गोष्टीच्या मागे आहे.

आधी जोर कमी केला. लिव्हर 62 वरून 80 मिमी केली. सामान तोलायचा हुकाचा काटा लावून पाहिलं तर 4.2 किलोवरून 3.4 वर आला. हिशोबाने 3.25 यायला हवा होता. उरलेलं बहुधा रोलरचं घर्षण. आईला उघडताना लगेच फरक कळला. चिमटा मात्र तसाच.

मग यंत्रांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 13854, आठवलं. दोन भाग जवळ येत असतील तर बोट चिरडू नये म्हणून किमान 25 मिमी जागा सोडा, असं ते सांगतं. दुसरा मार्ग म्हणजे फट इतकी बारीक ठेवायची की बोटाचं टोकही शिरणार नाही, म्हणजे 4 मिमीच्या आत. माझी बंद लिव्हर खालच्या पत्र्यापासून 9 मिमीवर! बोट सहज शिरेल आणि नक्की अडकेल, अशी जागा.

शनिवारी दोन्ही मार्ग एकत्र केले. लिव्हरचं शेवटचं 22 मिमी टोक 50 अंशांत वर वाकवलं, तिथे 26 मिमी जागा झाली. आतल्या बाजूला पत्र्यावर 6 मिमी जाड रबराची पट्टी चिकटवली, म्हणजे तिथे उरली 3. वाकवण्यात लांबी आठ मिमीने घटली आणि जोर पुन्हा वाढला, म्हणून दुसरी लिव्हर 88 मिमीची कापली. आईने सलग वीस वेळा उघडझाप केली. एकदाही हात मागे घेतला नाही. रबरामुळे तो खट् आवाजही गेला. त्या रात्री मी ती फाइल उशाशी घेऊन झोपले.

आता काठ. कापसाचा बोळा फिरवला की दाबपट्टीच्या (कागद दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) कोपऱ्यावर धागे अडकतात, म्हणजे बर, पत्रा कापताना काठावर राहणारी बारीक धार, शिल्लक आहे. कानस मारली तर प्लेटिंगचा निकेलचा थर निघतो आणि पावसाळ्यात तिथून गंज कागदावर उतरतो. बर प्लेटिंगच्या आधीच काढायला हवी. नंतर काढणं म्हणजे निम्मं काम वाया. भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्याने मागच्या लॉटला बर तशीच ठेवून चढवलं, त्याच्याकडे परत जाणार नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या जुन्या फाइलींचा पत्रा जाड आणि काठ गुळगुळीत आहे, त्यामुळे सुट्या भागांसाठी मी अजूनही रविवारी तिथेच जाते.

पुढे बारा सेटची बर काढून प्लेटिंगला द्यायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता तांबट आळीतली भांडी डोळ्यांसमोर आली. तिथे घागरीच्या काठाला तार घालून पत्रा तिच्यावर वळवतात. धार आतच गेली तर घासायचं काय उरतं? दाबपट्टी 8 मिमी रुंद कापून दोन्ही कडा 1 मिमी तारेवर वळवून पाहते. जाडी वाढेल, पण बहुतेक खपेल. बारा सेटचं काम सध्या थांबवलं आहे. बुधवारी तार आणि पत्रा आणते. तारेवर काठ वळवायचा साचा कुणाकडे असेल तर सांगा, मी येऊन पाहीन.