कॉटन टी-शर्टवर फोटो छापायचाय? मग हे वाचा

मंडळाचे शंभर-दोनशे टी-शर्ट, एक-दोन रंगांचा लोगो, एवढंच असेल तर स्क्रीन प्रिंटिंगला तोड नाही. पण आजीचा रंगीत फोटो जसाच्या तसा हवा असेल ना, तर गणित बदलतं, कारण स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम बनवावी लागते आणि एका पीससाठी तो खर्च परवडतच नाही.

मग लोक सब्लिमेशन करा म्हणतात, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती आत मुरवायची, कॉफीच्या मगवर करतात ते. शुद्ध कॉटनवर नाही चालत हो ते! कापडात ती शाई पॉलिस्टरलाच धरते.

मला मनापासून आवडतं ते डीटीजी, म्हणजे डायरेक्ट-टू-गारमेंट, थेट कापडावर छपाई. इंकजेट प्रिंटरच, फक्त कागदाऐवजी टी-शर्ट. काळ्या शर्टवर आधी प्रीट्रीटमेंट (शाई नीट धरावी म्हणून लावायचं द्रावण) मारतात, हीट प्रेसखाली सुकवतात, मग पांढऱ्या शाईचा थर, त्यावर रंग आणि शेवटी साधारण १६० डिग्री सेल्सिअसला क्युअरिंग, म्हणजे उष्णता देऊन शाई पक्की करणं, आणि हे क्युअरिंग कच्चं राहिलं तर रंग धुण्यात जातो म्हणून प्रिंटवाल्याला याबद्दल बिनधास्त विचारा. नीट झालं की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नऊवारीच्या काठाची नक्षी सगळं उतरतं, आणि डीटीएफची (आधी फिल्मवर छापून मग कापडावर चिकटवतात ती पद्धत) फिल्म हाताला जशी प्लास्टिकसारखी लागते तसं इथे होत नाही.

फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला देऊ नका, कॉम्प्रेस झालेला असतो. ओरिजिनल प्रिंट ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, फोटो छोटा असेल तर ६०० ला. कापड कोम्ब्ड कॉटनचं घ्या, गुळगुळीत असतं, बारीक डिटेल स्वच्छ येतात. धुताना उलटा करून गार पाण्यात, आणि प्रिंटवर थेट इस्त्री अजिबात नको.