खलाशांशी बोलण्याआधी: एथिक्स कमिटी ते जेटी, माझा अनुभव

आमची छोटी संस्था रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आरोग्याचं काम करते. मासेमारी बोटींवरच्या खलाशांच्या तब्येतीचा अभ्यास करायचं ठरलं, तेव्हा माणसांवरच्या अभ्यासाला आधी मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा विषय निघाला. आमच्यातल्याच काहींनी विचारलं, "यात एथिक्स कमिटी कशाला? आपण काय इंजेक्शनं देणार आहोत?" बीपी बघायचं, जखमा-दुखण्यांची विचारपूस करायची, झोप आणि दारूबद्दल थोडं बोलायचं. काम एवढंच होतं.

पण हे खलाशी बहुतेक नेपाळचे. हंगामाच्या तोंडावर उचल घेऊन येतात, बोटीवरच जेवतात, झोपतात, आणि 1 जूनला मासेमारी बंदी लागायच्या सुमारास गावी परततात. पैसा नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या हातात, समुद्रात जीव बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हातात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थलांतरित, गरीब आणि वरिष्ठांच्या दबावाखाली असू शकणारे लोक असुरक्षित गटात धरले आहेत ते उगाच नाही. म्हणून प्रश्नावली साधी असली, तरी आम्ही प्रस्ताव कमिटीच्या पूर्ण बैठकीपुढे नेण्याच्या तयारीनेच लिहिला.

आमची स्वतःची कमिटी नव्हती. ती काढायची तर सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, शिवाय डॉक्टर, कायद्याचा जाणकार, सामाजिक शास्त्रांतलं कुणी आणि एक सामान्य नागरिक लागतो. ओळखीपाळखीची माणसं गोळा करून ते कागदावर जमवता आलं असतं, पण मग तिला विचारायचं तरी कशाला? मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करता येतो. एका ठिकाणी फाइल बराच काळ नुसती पडून राहिली. दुसऱ्या कमिटीने घेतली. प्रस्ताव, माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली, त्यांची नेपाळी रूपं, आमचे बायोडेटा, पैसा कुणाकडून येतोय त्याचा खुलासा, असा गठ्ठा गेला. त्या कागदपत्रांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सदस्य सचिवांच्या कार्यालयात फोन करत राहायचं, एवढंच.

बैठक मात्र लक्षात राहिली. डॉक्टर सदस्य नमुन्याच्या आकारावर, म्हणजे किती जणांशी बोलायचं यावर बोलले, वकीलबाईंनी माहितीपत्रकातली भाषा सोपी करायला लावली. मग सामान्य नागरिक म्हणून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी प्रश्नावलीचं पहिलं पान उलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायचा होता. "नाव गुप्त ठेवणार म्हणता, आणि हे काय? एका बोटीवर माणसं किती?" मोठी बोट सोडली तर मोजकीच. त्यात बोटीचा नंबर, वय आणि 'मागच्या महिन्यात हाताला दुखापत' एवढं असलं, की नाव कशाला लागतं? बंदरात पोरसुद्धा सांगेल. तो रकाना काढला. त्याऐवजी फक्त बोटीचा प्रकार ठेवला. (याच कारणाने मी इथे बंदराचंही नाव लिहीत नाही.)

दुसरी अट पोक्सोबद्दलची. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या त्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे 'तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही' असं सरसकट लिहिणं खोटं ठरतं. गुप्ततेची ही मर्यादा माहितीपत्रकात आधीच सांगायची. अशाने लोक बोलायचे थांबतील अशी भीती आमच्या टीममध्ये होती. माझं मत वेगळं होतं. जे पाळता येणार नाही ते कबूल करून माणसाला बोलतं करायचं, तर तो फसवणुकीचाच प्रकार.

मंजुरी आली आणि गाडी खरी अडली ती बोटमालकांच्या सोसायटीत. जेटीवर बसायला त्यांची परवानगी हवी होती. अध्यक्षांनी चहा पाजला, पत्रावर सही केली आणि वर खलाशांची यादीच हातात ठेवली. "ही आमची चांगली पोरं. यांना विचारा. नाहीतर ताई, मलाच विचारा ना, मी सांगतो सगळं." यादी मी मान देऊन घेतली आणि वापरली नाही. मालकाची परवानगी जेटीवर उभं राहण्यापुरती. बोलायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि नाही म्हणणारा कोण ते मालकाला कळता कामा नये.

मग कधी आणि कुठे बोलायचं? बोट लागली की मासळी उतरवणं, बर्फ, डिझेल, जाळी, कुणाला उसंत नसते. वादळाचा इशारा आला, बंदरावर बावटा चढला, की बोटी आत येऊन थांबतात आणि खलाशी रिकामे असतात. ते दिवस आम्ही धरले. जेटीपासून थोड्या अंतरावर एक खोली घेतली, दाराशी 'बीपी तपासणी' असा फलक लावला. बीपी येईल त्याचं तपासायचो, मुलाखत द्यायची की नाही हे आत गेल्यावर. त्यामुळे आत कोण काय बोललं, की बोललंच नाही, ते बाहेरून कळत नसे. ज्याला वाचता येत नाही त्याला माहितीपत्रक वाचून दाखवायचं, आमच्या टीमबाहेरचा साक्षीदार बसवायचा, मग अंगठा. साक्षीदार बोटीवरचा नको, असं आम्ही ठरवलं होतं. गावातल्या एका नेपाळी हॉटेलवाल्याने ते काम केलं.

चिपळूणच्या 2021 च्या पुरानंतर फॉर्म घेऊन कुणी आलं की लोकांना ती मदतीची यादी वाटायची. इथेही तेच. "नाव लिहिलं तर काय मिळणार?" सुरुवातीलाच सांगत होतो, काही नाही. चहा-नाश्ता आणि तपासणी. काहीजण उठून जात. जाऊ द्यायचे.

एकाचं बीपी यंत्राने दोनदा 190 च्या वर दाखवलं. तिशीतला, धडधाकट दिसणारा. जिल्हा रुग्णालयात दाखवायची सोय आधीच करून ठेवली होती, रिक्षाही. तो जागचा हलेना. "तांडेल को मत बोलना," एवढंच म्हणत राहिला. बोलणार नाही म्हटलं. पण न दाखवता समुद्रात गेलास तर काय होऊ शकतं, तेही स्पष्ट सांगितलं. बराच वेळ मोबाइलशी चाळा करत बसला. मग गावी बायकोला फोन लावला. फोन ठेवल्यावर माझ्याबरोबर रिक्षात बसला. तांडेलाला त्याने काय सांगितलं, मी विचारलं नाही.

हंगाम संपत आला तेव्हा निष्कर्ष परत बंदरात नेले. आधी खलाशांना वेगळं बसवून नेपाळीत सांगितले, मग मालकांना. हाताला जाळ्याचे दोर लागून होणाऱ्या जखमा आणि बोटीवर औषधपेटी नसणं, यावर मालकांच्या सभेत बरीच गडबड झाली. अध्यक्ष उठले. "कुठल्या बोटीवर पेटी नाही? नंबर द्या, मी बघतो त्याच्याकडे." आमच्याकडे नंबर नव्हते, कुठल्याच कागदावर नव्हते, आणि मी तसं सांगितलं. थोडा वेळ कुरकुर झाली. मग सोसायटीने सगळ्याच बोटींसाठी पेटीची यादी मागितली. ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून करून घेऊन दिली, आणि अंतिम अहवालाची एक प्रत कमिटीला पाठवून फाइल बंद केली.