तुम्ही विचारलंत म्हणून: नवा कॉम्प्युटर का घेत नाही?

"त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्यात पैसे घालण्यापेक्षा नवा का घेत नाही?" दुकानात येणारा दर तिसरा माणूस हे विचारतो. तेही लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासता तपासता. मग मामांच्या नावात चूक राहिली की मीच वाईट.

नवा आहे हो. बिलं त्यावरच निघतात. पण पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली इतक्या वर्षांची कामं युनिकोड नसलेल्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या नसलेल्या, फॉन्टमध्ये आहेत, आणि त्या फॉन्टचं डाँगल, म्हणजे किल्लीसारखं लावायचं यंत्र, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टलाच बसतं. डाँगल नाही तर अक्षर नाही. नव्यावर फाइल उघडली की 'शुभविवाह'च्या जागी चिन्हांची खिचडी. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर वापरून पाहिलेत. रफार आणि जोडाक्षरं शेवटी डोळ्यांनीच तपासावी लागतात.

मग पुढचा प्रश्न: डिस्क बदलायला एवढे घाबरता कशाला?

2006 साल, गणपती नुकतेच झालेले. मशीनमधली 40 जीबीची डिस्क कटकट आवाज करायला लागली, म्हणून 250 जीबीची नवी आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची जुन्या प्रकारची डिस्क, आणली. जंपर (डिस्कमागची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी लावला. बायोसनं, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रामनं, पूर्ण आकडा दाखवला आणि मी खूश. पार्टिशन, म्हणजे डिस्कवरच्या जागेची आखणी, भाच्याच्या नव्या मशीनवर केलं, एकच, सलग. जुनी विंडोज एक्सपी, डाँगल, फॉन्ट सगळं चढवलं. चाललं की! त्यात एका सरांच्या दिवाळी अंकाची 128 पानं लावायला घेतली. शिवाय शेजारच्या व्हिडिओवाल्यानं लग्नाच्या टेपा माझ्या डिस्कवर उतरवून ठेवल्या, तासाला 13 जीबी. जागा भरपूर होती ना.

एका सकाळी मशीन चालूच होईना. डिस्क दुसरीकडे लावली, तर फोल्डरांच्या नावांच्या जागी कचरा.

डेटा काढून देणाऱ्यानं कागदावर आकडा मांडून दाखवला. डिस्कवरच्या जागेचा जुना पत्ता 28 बिटांचा. त्यात 26 कोटी 84 लाख 35 हजार 456 सेक्टर, म्हणजे डिस्कचे कप्पे, बसतात, एकेक 512 बाइटचा, म्हणजे साधारण 137 जीबी. त्यापुढं लिहायला गेलं की स्कूटरच्या मीटरसारखं पुन्हा शून्यावर. नवरा-नवरी डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसले होते, थेट फाइलींच्या यादीवर. बायोसला डिस्क पूर्ण दिसली म्हणून विंडोजला झेपेल असं नसतं. 2002 मध्ये आलेला एक्सपीचा पहिला सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा संच, टाकला असता तर एवढं झालं नसतं. त्याची सीडी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. "सर्व्हिस पॅक टाकला की डाँगल ओळखत नाही," असं कुणीतरी बोललं होतं, मी ते पडताळलंही नाही. पुढं टाकला, तर डाँगल व्यवस्थित चाललं.

तेव्हाच्या मला विचारलं तर तो म्हणेल, कामाच्या मशीनला कोण हात लावतो? खरंय. आणि बॅकअप? त्यावर तो काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

पण खरं दुखणं वेगळंच. सर आले. त्यांच्या हातात लाल शाईनं तपासलेल्या प्रूफांचा गठ्ठा. मी म्हटलं, "सर, व्हायरस आला." तेव्हा सगळ्याच दुकानात काही बिघडलं की व्हायरस यायचा, कुणी उलटून विचारायचं नाही. सरांनीही विचारलं नाही. उलट गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "यावरून पुन्हा टाइप करता येईल का रे?" अकरा रात्री बसलो. अंक वेळेवर आला. त्यात संपादकीयाखाली माझे आभार होते, चौकटीत.

आता त्याच मशीनमध्ये जुन्या केबलला नवी डिस्क जोडणारा कन्व्हर्टर लावून 120 जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवरची डिस्क, घातलीय. भाचा हसतो. म्हणतो, सर्व्हिस पॅक आहे तर मोठी घाल, 2 टीबीपर्यंत एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, पार्टिशनला चालते. त्याचं गणित बरोबर आहे. तरी मी 137 च्या आतच राहतो. पार्टिशन तेवढं नव्या विंडोजवर करून घेतो, कारण एक्सपी ते 63 व्या सेक्टरपासून सुरू करते आणि अशी वाकडी सुरुवात एसएसडीला मानवत नाही.

सर अजून येतात. परवा मशीनकडं बघून म्हणाले, "हाच का रे तो, व्हायरसवाला?"

"हाच," म्हटलं, आणि प्रूफ पुढं केलं.