ओपुआत अकरावा दिवस, खिचडी तिसरी

सकाळी आईचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "पोचलात का गं?" म्हटलं आई, अजून निघालोच नाही. ती जरा वेळ गप्प, मग म्हणाली, "अगं मग अकरा दिवस करताय काय तिथे?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हटलं बसून लिहूनच काढू, तसंही संध्याकाळी पाचपर्यंत मला काही काम नाहीये (पाचच का ते पुढे येईलच).

तर झालंय असं की मी ऑकलंडच्या नोकरीतून तीन आठवड्यांची रजा काढून एका रिटायर्ड जोडप्याच्या बारा मीटरच्या शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून आलेय. इकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारते, पण मनात माझ्यासाठी ते काका-काकूच आहेत. बोट न्यूझीलंडच्या वरच्या बाजूला, बे ऑफ आयलंड्समधल्या ओपुआ नावाच्या छोट्याशा बंदरात उभी आहे आणि जायचंय फिजीला. साधारण १,०५० ते १,१०० नॉटिकल मैल, आमच्या स्पीडने आठ दिवस धरायचे, मध्ये जमीन नाही. दर मे-जूनला इथे अशा बोटींची गर्दी होते कारण वरच्या बेटांकडचा सायक्लोन सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, तो संपल्याशिवाय कोणी वर जात नाही, बऱ्याच इन्शुरन्सवाल्यांची तशी अटच असते. बरं, एप्रिल संपला म्हणजे सायक्लोन संपली असंही नाही, २०१७ मध्ये डोना नावाचं चक्क मेच्या पहिल्या आठवड्यात वानुआतूच्या बाजूला आलं आणि कॅटेगरी पाचपर्यंत गेलं. पण जास्त थांबलं की इकडचा हिवाळा मागे लागतो, म्हणजे एका बाजूला आड आणि दुसऱ्या बाजूला विहीर, आणि दोन्हीच्या मधल्या फटीतून सटकायचं.

ही फट नक्की कसली ते सांगते, नाहीतर सगळंच हवेत राहील. शाळेत भूगोलाच्या बाईंनी कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात असं शिकवलेलं, ते इथे विसरायचं, दक्षिण गोलार्धात लो, म्हणजे कमी दाब, त्याच्याभोवती वारा घड्याळासारखा फिरतो आणि हाय, म्हणजे जास्त दाब, त्याच्याभोवती उलटा. मी अजूनही चार्टवर बोट ठेवून जात्यासारखं गोल फिरवून बघते, काकू हसतात. ऑस्ट्रेलियाकडून टास्मन समुद्रावरून एक हाय, मग एक लो, मग परत हाय अशी वरात आठवडा-आठवड्याने येत राहते. लो यायच्या आधी वारा उत्तरेकडून असतो, म्हणजे फिजीला जाणाऱ्याच्या थेट थोबाडावर. लो पुढे सरकला, फ्रंट (मागून येणाऱ्या थंड हवेची आघाडी) पास झाला की वारा फिरून नैऋत्येचा होतो, थंडगार, बोचरा, पण पाठीवरचा. म्हणजे उजव्या हाताला जाणारा लो, डाव्या हाताला येणारा हाय, आणि मधून आपण, अशा वेळी सुटायचं. दोन-तीन दिवस तो वारा ढकलत नेतो, मग हायच्या पोटात वारा पडतो तेव्हा इंजिन लावून डिझेल जाळायचं, आणि त्याच्या पलीकडे, साधारण २५-२८ अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला, आग्नेयेचे व्यापारी वारे लागले की मग शॉर्ट्स घालायच्या. कागदावर एवढं सोपं आहे.

गंमत अशी की फोरकास्टवर खरा भरवसा फार तर पाच दिवस आणि प्रवास आठ दिवसांचा. म्हणजे कितीही शहाणपणा केला तरी शेवटचे तीन दिवस अंदाजपंचेच, आणि वाईट गोष्टी होतात त्या नेमक्या त्याच भागात, वरती उष्ण पाण्यावर. तिथे एखादा लो तयार होतो आणि खाली आग्नेयेकडे घसरता घसरता झपाट्याने खोल होतो. जून १९९४ मध्ये क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीच्या वीकेंडला हेच झालं. न्यूझीलंडहून टोंगाकडे निघालेल्या बोटी नेमक्या त्याच्या तोंडात सापडल्या. एअरफोर्सची ओरायन विमानं शोधत होती, नेव्हीचं मोनोवाई जहाज आणि आसपासची जहाजं मदतीला गेली, २१ जणांना वाचवलं, क्वार्टरमास्टर नावाची बोट मात्र तिच्यावरच्या तिघांसकट गेली. इथे मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करायच्या धक्क्यावर, कोणी हा विषय मुद्दाम काढत नाही पण 'नाइन्टी-फोर' एवढंच कोणी म्हटलं तरी टेबलावरचा आवाज खाली येतो.

आणि दुसरी एक भानगड, हाय चांगला आणि मोठा हाय आणखी चांगला असं मला पहिले दोन दिवस वाटत होतं. काकांनी समजावलं की हाय १,०३० हेक्टोपास्कलच्या वर फुगला की त्याच्या उत्तरेच्या कडेला आयसोबार, म्हणजे समान दाबाच्या रेषा, एकमेकींवर दाबल्या जातात, त्याला इकडे स्क्वॉश झोन म्हणतात, आभाळ निळं, बॅरोमीटर झकास आणि वारा तीस नॉट्स (तासाला तीस नॉटिकल मैल), समुद्र नुसता उसळलेला. म्हणजे मोबाइलवर सूर्याचा आयकॉन बघून निघणाऱ्यांचं काही खरं नाही.

आता पाच वाजताचं. हवामानाच्या अमेरिकन कॉम्प्युटर मॉडेलचं दिवसातून चारदा नवीन गणित येतं, त्यातलं एक इथल्या वेळेने संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि युरोपियनचं साधारण सातला. आठवड्यातून एकदा बॉब मॅकडेव्हिट यांचं वेदरग्राम नावाचं हवामानाचं पत्रकही येतं, हे पूर्वी इथल्या मेटसर्विसमध्ये (हवामान खात्यात) होते आणि शिडाच्या बोटीवाल्यांमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शब्द. तर पाच वाजले की अख्ख्या मरीनात शांतता, जो तो आपापल्या बोटीत लॅपटॉपवर वाकलेला, आणि साडेपाचला सगळे बाहेर येऊन एकमेकांना तेच विचारणार, "काय दिसतंय?" आमच्या गावी दहावीचा निकाल लागायचा तेव्हा असंच असायचं. गेल्या सोमवारी दोन्ही मॉडेलं म्हणाली बुधवारी निघा. मंगळवारी अमेरिकनने २८ अंशावर एक बारीक लो काढला, युरोपियन म्हणाला काहीच नाही. बुधवारी सकाळी युरोपियनने तो लो काढला आणि अमेरिकनने पुसून टाकला! काकांनी लॅपटॉप बंद केला आणि टॉयलेटचा पंप उघडून बसले. हा पंप त्यांनी अकरा दिवसांत तीनदा उघडलाय आणि माझी खात्री आहे की तो पहिल्यांदा उघडायच्या आधी उत्तम चालत होता.

त्याच बुधवारी दोन बोटी मात्र गेल्या. आम्ही धक्क्यावर उभं राहून हात हलवले, आणि खरं सांगू का, मला इतका राग आला होता, त्यांचा नाही, काकांचा. एक बोट दुसऱ्या रात्री परत आली, मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, वरून खालपर्यंत फाटलेलं, तेव्हा मी मनातल्या मनात काकांची माफी मागितली. पण दुसरी बोट पोचली. व्यवस्थित पोचली, सातव्या दिवशी, म्हणजे काल, फिजीतल्या सावूसावू बंदरातून बिअरच्या ग्लासांचा फोटोही आला. तो लो म्हणे त्यांच्या मागून निघून गेला. मग परत राग. काका फोटो बघून एवढंच म्हणाले, "पोचले ना, छान झालं," आणि चहा ओतायला लागले. आपण चुकलो का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर कुठे शोधूनही सापडला नाही. त्या मधल्या फटीला इकडे विंडो म्हणतात. मला वाटायचं विंडो म्हणजे खिडकी, उघडली की जायचं, मिटली की थांबायचं. तसं काही नसतंच. कुठला त्रास कुठल्या दिवशी, किती अंशावर आणि किती थकलेले असताना अंगावर घ्यायला आपण तयार आहोत, एवढंच ठरवायचं असतं, आणि ते प्रत्येक बोटीचं वेगळं. त्या बिअरवाल्या बोटीवर चौघं तिशीतले होते. आमच्या बोटीवर एकाहत्तर, अडुसष्ट आणि मी, जी पहिले दोन दिवस बादली धरून बसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय.

आता खरी गोष्ट. माझं फिजीतल्या नांदी विमानतळाहून ऑकलंडचं परतीचं तिकीट काढलेलं होतं. पहिल्या दिवशी काकांनी सहज विचारलं, परतीचं काय, तर मी म्हटलं छे छे, फ्लेक्झिबल आहे. साफ खोटं. तिकीट पक्कं, रजा पक्की, सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं पक्कं. आणि मग मी काय करत होते तर रोज संध्याकाळी जे मॉडेल 'निघा' म्हणेल ते मला आपोआप जास्त शास्त्रशुद्ध वाटायचं. मंगळवारचा तो लो मी "एवढासाच तर आहे" म्हणून काकांना पटवायला गेले होते, मी! जिला अजून रीफ घेताना, म्हणजे शीड आखूड करताना, दोर कुठला ओढायचा ते बघावं लागतं. नवव्या दिवशी रात्री भांडी घासताना राहवेना, म्हटलं मला तुम्हाला एक तारीख सांगायचीये. काकांनी ओला हातच वर केला. म्हणाले, सांगू नकोस. मला कळली की ती चार्टवर येऊन बसेल, आणि मग मी वाऱ्याकडे बघेन तेव्हा तुझी तारीख पण बघेन. तुझं तू विमान बदल नाहीतर बस पकडून घरी जा, मला राग येणार नाही, पण तारीख माझ्या डोक्यात घालू नकोस. काकूंनी काही न बोलता माझ्या हातात पुसायचं फडकं दिलं.

ज्यांना खरोखर तारीख पाळायची असते त्यांचंही असतं म्हणा. आपले कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये गोव्यात बांधलेली म्हादेई ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, वाटेत इकडे न्यूझीलंडमध्ये लिटल्टन बंदरात थांबले होते, त्यांना केप हॉर्न दक्षिणेतल्या उन्हाळ्यातच गाठायचं होतं. ती तारीख समुद्राने दिलेली. माझी एचआरच्या पोर्टलने दिलेली.

बाकी दिवसभर काय करतो? रात्री श्वासाची वाफ हॅचच्या (छतातल्या झडपेच्या) काचेवर जमते आणि पहाटे बरोब्बर माझ्या कपाळावर एक थेंब पडतो, अलार्म लावायची गरज नाही. शेजारच्या बोटीचा एक दोर रात्रभर डोलकाठीवर टण टण टण वाजतो, मालक बोट सोडून घरी गेलाय, तिसऱ्या रात्री काकूंनी नाइटगाऊनवर जाऊन तो स्वतः बांधून टाकला. समोर ओपुआ-ओकियाटो गाड्यांची फेरी दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे, या बंदरात वेळेवर निघणारी तेवढी एकच बोट. एक दिवस सायकलने ११ किलोमीटर कावाकावाला जाऊन हुंडर्टवासर नावाच्या कलाकाराने डिझाइन केलेली सार्वजनिक टॉयलेट्स बघून आले, हो, लोक टॉयलेट बघायला गावाला जातात, रंगीत टाइल्स आणि बाटल्यांच्या भिंती, खरंच सुंदर आहेत. काकांना पंपाबद्दल काही बोलले नाही.

आणि खिचडी. निघाल्यावर पहिले तीन दिवस कोणाला स्वयंपाक सुचत नाही म्हणून जेवण आधीच करून डब्यांत भरून फ्रीझ करतात. मी मुगाची खिचडी केली, आलं-जिरं घालून, तिखट बेताचं, नऊ डबे. पहिली खेप सहाव्या दिवशी खाऊन संपली कारण बाहेर धो धो पाऊस आणि कोणाला दुकानात जायचं नव्हतं. दुसरी परवा संपली, काकूंना भलतीच आवडलीये. भाजीही मोजूनच घ्यावी लागते, जास्त घेतली तर फिजीत पोचल्यावर उरलेली बायोसिक्युरिटीवाले काढून घेतात, आणि थांबलो की ती इथेच कुजते. एकच कोबी आहे जो पहिल्या दिवसापासून टिकून आहे, त्याचा एक-एक पापुद्रा काढत चाललोय. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली इकडे पण आगोटीचंच चाललंय, सुकट-बोंबील डब्यात, मिरच्या वाळवून झाल्या, हर्णैला लोक होड्या वर ओढून शाकारायला लागलेत, एक जूनपासून बंदी, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी जायचं नाही. मग म्हणाली, "तुम्ही पण नारळ वाहून मगच निघा." म्हटलं आई, इथे नारळ मिळायला आधी फिजीला जावं लागेल.

दुपारी ऑफिसला मेल टाकली, आणखी दहा दिवस, बिनपगारी. तिकीट बदललं, त्याचे किती गेले ते आईने वाचू नये म्हणून लिहीत नाही.

पाच वाजून गेले. अमेरिकन म्हणतोय गुरुवारी रात्री फ्रंट पास होईल, शुक्रवारी नैऋत्य वीस ते पंचवीस, जुनी लाट साडेतीन मीटर, हाय १,०२६. सातला युरोपियननेही जवळजवळ तेच काढलं, फक्त सहा तास उशिरा. काकांनी दोन्ही चार्ट शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले, आणि काकूंना म्हणाले कस्टम्सला शुक्रवारी दुपारचं विचार. एकदा कस्टम्सचा क्लिअरन्स मिळाला की निघायचंच असतं, म्हणून काकूंनी ते वहीत पेन्सिलने लिहिलंय. मी डाळ-तांदूळ धुवायला घेतलेत, या वेळी बारा डबे.