कलमाखालचे झाड

आमच्या वरूड तालुक्यात संत्र्याचे एक झाड म्हणजे खरे पाहता दोन झाडे असतात. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचा खुंट जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांचा असतो आणि त्यावर डोळा (फांदीवरची कळी) भरून वाढवलेला वरचा सारा पसारा नागपुरी संत्र्याचा असतो. फळ वरचे झाड देते. पण बुंध्याला डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) लागणार की नाही, मे महिन्याचा ताण झाड किती सोसणार, हे बरेचसे खालचे झाड ठरवते. जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते, रंगपूर त्यामानाने तग धरते, असा जाणत्यांचा अनुभव आहे. अडचण अशी, की झाड मोठे झाल्यावर खालचा खुंट कोणता, हे नुसत्या सालीवरून खात्रीने सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भावाच्या बागेत सात वर्षांची झाडे बुंध्यातून डिंक गाळू लागली. पन्हेरी (रोपवाटिकेतली कलमे) घेताना खुंट रंगपूरचा असल्याचे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते आणि त्यापायी कलमामागे चार पैसे जास्तही घेतले होते. घरात वनस्पतिशास्त्र शिकलेला मी एकटाच असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला. "तुह्या त्या डीएनएनं खालचं झाड कोनतं ते समजते काय?" मी "समजते" म्हणालो, आणि ते थोडे घाईचे झाले.

पहिला धागा डोळ्यांनाच दिसला. काही झाडांच्या जोडाखालून पाणसोट (खुंटाचे स्वतःचे फुटवे) फुटले होते आणि त्यांची कोवळी टोके जांभळट होती, जेव्हा की संत्र्याची पालवी निखळ हिरवी असते. हा जांभळा रंग महाळुंगाकडून (जाड सालीच्या मोठ्या लिंबाकडून) आलेला आहे, आणि गुंता नेमका इथेच सुरू होतो. कारण जंबेरी काय किंवा रंगपूर काय, दोघांचाही पिता महाळुंगच आहे. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात ६० लिंबूवर्गीय नमुन्यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. आज आपण खातो त्या बहुतेक लिंबूवर्गीय फळांच्या मुळाशी महाळुंग, पपनस, संत्रे अशा मोजक्या आदिम जाती असून बाकीची गर्दी त्यांच्या संकरांतून झाली आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. मोसंबी ही पपनस आणि संत्रे यांच्या मिश्रणातून आली आहे, तर आपले कागदी लिंबू महाळुंग आणि मायक्रांथा नावाची एक रानटी जात यांचे अपत्य आहे. जंबेरी आणि रंगपूर या दोन्हींची आई संत्र्याच्या कुळातली आणि बाप महाळुंग. फक्त दोघींच्या आया वेगवेगळ्या संत्री होत्या.

वनस्पतींची जात ओळखण्यासाठी सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे डीएनए बारकोड. २००९ साली वनस्पतींसाठी मॅटके आणि आरबीसीएल हे दोन तुकडे प्रमाण म्हणून सुचवले गेले, आणि ते दोन्ही हरितलवकातले आहेत. हरितलवकाला स्वतःचा लहानसा डीएनए असतो (मोसंबीत तो सुमारे १ लाख ६० हजार अक्षरांचा आहे) आणि लिंबूवर्गात तो केवळ आईकडून येतो. आता आमच्या बागेचा विचार करा. वर संत्रे आहे, खाली जंबेरी असो वा रंगपूर, त्याची आईही संत्र्याच्याच कुळातली आहे. म्हणजे बारकोड पाहून तिघांनाही 'संत्रे' असाच शिक्का बसण्याची शक्यता मोठी, आणि महाळुंगाचा त्यात मागमूसही दिसणार नाही. माहेर विचारले तर सासरचा पत्ता लागत नाही, तसा हा प्रकार आहे.

त्यामुळे उत्तर पेशीच्या केंद्रकात शोधावे लागते. केंद्रकातल्या नऊ जोड्या गुणसूत्रांवर ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरांची जोडणी पुन्हा पुन्हा आलेली असते. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि ही पुनरावृत्ती किती वेळा झाली आहे, ते झाडागणिक बदलते. संकरित झाडात अशा प्रत्येक जागी एक लांबी आईची आणि एक बापाची मिळते, आणि चाचणीत या लांब्या रेघांच्या रूपात दिसतात. महाळुंग पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणाने वाढत आल्यामुळे त्याच्यात वैविध्य कमी आहे, म्हणून जंबेरी आणि रंगपूर यांच्यात बापाची रेघ पुष्कळदा एकाच जागी दिसते आणि फरक आईच्या रेघेत शोधावा लागतो. एका जागेवरून निर्णय होत नाही. आठ-दहा जागा मिळून मात्र चित्र चांगले स्पष्ट होते.

नमुना घेणे हे या सगळ्यातले सर्वांत कटकटीचे काम निघाले. वरचे पान खुडून उपयोग नाही, कारण ते संत्र्याचे आहे. मी आधी जोडाखालची रुपयाएवढी साल पटाशीने काढली आणि जखमेवर बोर्डो मलम लावले. पण डिंक्या लागलेल्या सालीतून निघालेला डीएनए शेंबडासारखा चिकट आला आणि पुढची अभिक्रियाच झाली नाही. मग बुंध्यापासून एकेक मूळ माती उकरत टोकापर्यंत माग काढून पिवळसर तंतुमुळे घेतली, म्हणजे शेजारच्या झाडाची किंवा गवताची मुळे मिसळण्याचा धोका टळतो. ती धुऊन, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटली, पेशी फोडणाऱ्या सीटॅब नावाच्या रसायनाच्या ६५ अंश तापमानाच्या द्रावणात ठेवली, क्लोरोफॉर्मने स्वच्छ केली, आणि शेवटी आयसोप्रोपेनॉल घातल्यावर नळीत तरंगणारे पांढरे धागे दिसले तेव्हा दोन दिवसांचा शीण उतरला. सोबत खात्रीच्या मातृवृक्षांची पाने ठेवली होती, कारण तुलनेला ओळखीचे झाड नसेल तर या रेघांना काहीच अर्थ राहत नाही.

ही तुलना इतकी नेमकी होऊ शकते, याचे कारण लिंबूवर्गाच्या बियांमध्ये आहे. जंबेरीच्या एका बीमधून दोन-तीन रोपे येतात आणि त्यातली बहुतेक परागणातून न होता बीजांडातल्या आईच्या पेशींपासून झालेली असतात, म्हणजे ती आईची हुबेहूब नक्कल असतात. अशा रोपाची प्रत्येक रेघ मातृवृक्षाशी जुळलीच पाहिजे. एखादी जुळली नाही तर ते रोप परागणातून झालेले, अर्थात भेसळीचे. पन्हेरीवाले जुनेजाणते लोक फार खुजी आणि वेगळ्या पानांची रोपे उपटून टाकतात ती याचसाठी, आणि डीएनएचे नावही ऐकण्याआधीपासून ते हे करत आले आहेत.

याच नक्कल होण्याच्या गुणामुळे वर्गीकरणातही घोळ झाला होता. बीपासून पिढ्यान्‌पिढ्या तसेच झाड उगवते हे पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ तनाका यांनी लिंबूवर्गात १६२ जाती मानल्या, तर दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यांनी अवघ्या १६. जंबेरीला स्वतंत्र जातीचे शास्त्रीय नाव आहे, रंगपूरलाही आहे, आणि प्रत्यक्षात दोन्ही एकेका संकराच्या न संपणाऱ्या प्रती आहेत. तरीही ही नावे टाकून द्यावीत, असे मला वाटत नाही. बागाईतदाराला बुंध्याचा स्वभाव कळण्याशी मतलब आहे आणि तो या नावांतून कळतो.

बागेतल्या बारा झाडांपैकी नऊ जंबेरीची निघाली, दोन रंगपूरची, आणि एक दोन्हींशी पूर्णपणे जुळले नाही. महाळुंगाच्या रेघाही त्यात काही जागी नव्हत्या. विकणाऱ्याकडे कागद घेऊन जाण्यात भावाला रस नव्हता. त्याने जंबेरीच्या झाडांना पाण्यासाठी दुहेरी आळे केले, म्हणजे बुंध्याला पाणी लागत नाही, आणि मातीत गाडले गेलेले जोड उघडे केले. त्या बाराव्या झाडाचे वरचे संत्रे मागच्या पावसाळ्यात वाळले, पण खालून फुटलेला पाणसोट त्याने कापला नाही. तो आता छातीपर्यंत आला आहे. त्याला काय फळ लागते ते पाहू, असे म्हणून तो अंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्याच्या) पाण्यात त्यालाही पाणी देतो.