बाबांची शुगर, आमची मॅच

बरेच दिवस इकडं फिरकलो नव्हतो, बाबांची तब्येत. काल रिपोर्ट आला : एचबीएवनसी ९.१ वरून ७.२. ही तपासणी साधारण ३ महिन्यांची सरासरी शुगर सांगते, त्यामुळं आदल्या दिवशी गोड बंद करून डॉक्टरांना गंडवता येत नाही. (बाबांनी तोही प्रयोग केलाय म्हणा!)

आज सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर ते फिरायला, मी टेनिस बॉलच्या मॅचला. आम्ही सपशेल हरलो. बाबा बाउंड्रीबाहेर उभे राहून अंपायरवर कन्नडमधनं आणि माझ्यावर मराठीतनं ओरडत होते, दम न लागता. हेच मोठं.

येताना कुंद्याचं (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) दुकान दिसलं तसं, "गाडी थांबव रे." थांबवली नाही. घरापर्यंत अबोला. वर आई म्हणते, चमचाभर दिला असतास तर काय बिघडलं असतं!